कूलर झाडाला, हातपंखा माणसांना

आमच्या शेजारच्या तायडेकाकांच्या घरी एकच कूलर आहे आणि तो झाडाला लावलेला आहे.

अकोल्याचा उन्हाळा ज्यांनी भोगला नाही त्यांना यातला अघोरीपणा कळायचा नाही. इथे एप्रिल लागला की गाद्या तापतात, नळाच्या तोट्या तापतात, दुपारी अंघोळीला गेलेला माणूस बादलीत हात घालतो आणि तसाच बाहेर येतो. पाडव्याच्या आसपास घरोघरी माळ्यावरचे कूलर खाली उतरतात, त्यांत नवं गवत भरलं जातं, आणि मग पाऊस येईपर्यंत अख्खं घर त्या कूलरच्या तोंडासमोर सतरंजी टाकून पडलेलं असतं. त्या सतरंजीवरच्या जागेवरून सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झालेले मी पाहिले आहेत. अशा गावात एक निवृत्त माणूस आपला एकुलता एक कूलर खिडकीतल्या कुंडीकडे वळवून ठेवतो, आणि स्वतः बायकोसकट पलीकडच्या भिंतीला टेकून डोक्यावर ओला पंचा घेऊन बसतो.

काकू म्हणतात, "कूलर झाडाले, अन् हातपंखा मानसाइले. सवत बरी होती. तिले निदान पोळ्या तं करता आल्या असत्या."

काका एसटीत कंट्रोलर होते. म्हणजे स्टँडवर काचेच्या खोलीत बसून माईकवरून गाड्या सांगणारा माणूस. "प्रवाशांनी लक्ष द्यावे, अकोटला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागलेली आहे," हा आवाज अकोल्यातल्या निम्म्या लोकांनी ऐकलेला आहे, फक्त त्याला चेहरा आहे हे त्यांना माहीत नाही. नोकरी संपली, माईक सुटला, पण भाषा सुटली नाही. एरवी काका आपले चारचौघांसारखं वऱ्हाडी बोलतात. पण बाब महत्त्वाची असली, किंवा मनाला लागलेली असली, की ते एकदम माईकवर जातात. त्यांची आई वारली तेव्हा सकाळी आमचं दार वाजवून त्यांनी सांगितलं होतं, "आमच्या मातोश्री पहाटे मार्गस्थ झालेल्या आहेत." मला क्षणभर कळेना की म्हातारी कुठल्या गाडीने गेली. मग त्यांचा चेहरा पाहिला आणि कळलं.

दुसरी खोड अशी की माणसांना ते नावाने हाक मारत नाहीत, गावाने मारतात. माझं माहेर अमरावती, म्हणून मी अमरावती. माझे यजमान मूर्तिजापूर. दूधवाला बाळापूर. "काहो अमरावती, मूर्तिजापूर अजून आले नाही का हापिसातून?" असं ते गच्चीवरून विचारतात आणि नवीन भाडेकरू घाबरून वर बघतात.

आता झाडाचं. झाड म्हणजे काही वड-पिंपळ नव्हे. हातभर उंचीचं, कॅलेथिया नावाचं शोभेचं झाड. फूल नाही, फळ नाही, नुसती पानं. पण पानं अशी की कुणीतरी फुरसतीत बसून रंगवली असावीत. हिरव्यावर गडद हिरवे पट्टे आणि खालून जांभळी. दिवसभर ती पसरलेली असतात आणि दिवेलागणीला वर उठून हात जोडल्यासारखी उभी राहतात. काकूंची बुद्धवंदना आणि पानांचं उठणं साधारण एकाच वेळेला होतं. काकांना याचा फार अभिमान. "टायमाचं पक्कं हाय," ते म्हणतात. "एसटीत असतं तं केव्हाच बढती भेटली असती."

हे झाड मूळचं ओल्या जंगलातलं. त्याला थेट ऊन चालत नाही, कोरडी हवा चालत नाही, गरम वारा चालत नाही. थोडक्यात, अकोल्यात जे जे फुकट मिळतं त्यातलं त्याला काहीच चालत नाही. म्हणून कूलर. म्हणून घरातला छताचा पंखा बंद. म्हणून खिडकीला ओलं पोतं. आणि माझ्या घरात कढई चढली की भिंतीवर टकटक.

"अमरावती, तळन चालू हाय का? खिडकी लावा बरं. पाहुनीले ठसका लागून राहिला."

झाडाला ते पाहुणी म्हणायचे. एकदा मी तडकलेच. म्हटलं, "काका, माझ्या घरात भजी तळायला आता मी झाडाची परवानगी घेऊ का?" ते शांतपणे म्हणाले, "परवानगी नका घेऊ. भजे इकडं धाडून द्या अन् खिडकी लावा."

मला बरेच दिवस वाटायचं की रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो, त्यातला हा प्रकार आहे. आयुष्यभर गाड्या हाकलल्या, आता झाड हाकलत बसलेत. खरं कारण कळलं ते वायफायमुळे.

एका रविवारी सकाळी काकू मोबाईल घेऊन आल्या. "जरा तुमचं ते नेट जोडून द्या. मंजूचा फोन येते अन् आमचं नेट अर्ध्यात मरून जाते." मंजू त्यांची एकुलती एक मुलगी. चिपळूणला बँकेत आहे आणि तिथल्याच एका मुलाशी तिने लग्न केलं. मुलगा चांगला, नोकरीचा. जात निराळी, जेवण निराळं, वरणात गूळ आणि भाजीत नारळ. पण काकांचं दुखणं तिसरंच होतं. "मले विचारलं नाही," ते म्हणायचे. "सांगतलं." जन्मभर ज्याने गावाला सूचना दिल्या त्याला घरात पहिल्यांदाच कुणीतरी सूचना दिली होती, आणि ती त्याला पचली नाही.

लग्न चिपळूणला कोर्टात झालं. तेव्हा काका नोकरीत होते. लग्नाच्या दिवशी त्यांनी रजा तर घेतली नाहीच, उलट दुसऱ्याची ड्युटी मागून घेतली आणि सकाळपासून रात्रीपर्यंत माईकवर बसून राहिले. त्यांचे सोबती अजून सांगतात की त्या दिवशी तायडेंनी दर्यापूरची गाडी अकोटच्या फलाटावर सांगितली, आणि बसलेली माणसं पोरंबाळं, पिशव्या, कोंबड्या घेऊन उतरली आणि पलीकडे पळाली. उभ्या नोकरीत तेवढी एकच चूक. काकूही लग्नाला गेल्या नाहीत. नवऱ्याला टाकून एकटी कशी जाऊ, म्हणाल्या, आणि तो विषय तिथेच संपला.

पुढे मंजू एकदाच आली, आपली कागदपत्रं न्यायला. येताना मांडीवर हे झाड घेऊन आली. काका आतल्या खोलीत रेडिओ लावून बसले ते बाहेर आलेच नाहीत. संध्याकाळच्या गाडीने जाताना तिने कुंडी खिडकीत ठेवली आणि आईला म्हणाली, "पप्पाले सांग, याले मरू देऊ नका म्हना. मी पाहत जाईन."

आणि मी वायफाय जोडून दिलं त्या रविवारपासून व्हिडिओ कॉल नीट सुरू झाला. आधी फोन काकूंच्या हातात असायचा. काकू फोन कानाला लावायच्या. पलीकडून मंजू म्हणायची, "आई, तुहा कान दिसून राहिला. झाड कुठं हाय?" कधी छत दिसायचं, कधी गॅसची शेगडी. शेवटी काकांनीच वैतागून फोन हातात घेतला, मागचा कॅमेरा झाडावर धरला, आणि तिथून त्यांचं सुरू झालं. मी वायफायच्या निमित्ताने दारात असायची, म्हणून हा संवाद मला पाठ आहे.

"नवीन पान?"

"एक लागलेलं आहे. दुसरं मार्गावर आहे."

"पाणी?"

"देण्यात आलेलं आहे."

"बरं पप्पा. ठेवते."

"ठीक."

यात कशी आहेस नव्हतं की जेवलात का नव्हतं. मंजूला फक्त झाड दिसायचं आणि मागून आवाज यायचा. पण काकांना स्क्रीनवर मंजू दिसायची, चांगली फोनभर. झाड दाखवणारा माणूस झाडाकडे बघतो. काका फोनकडे बघायचे. बघता बघता हात कलंडायचा आणि मंजू म्हणायची, "पप्पा, खिडकी दिसून राहिली." मग ते दचकून पुन्हा झाडावर यायचे.

काकूंनी एकदा मला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं, "झाड गेलं तं पोरीचा फोन जाईन, असं वाटते त्याइले. म्हनून हे सारं सोंग." त्यानंतर मी भजी तळताना टकटक व्हायच्या आधीच खिडकी लावायला लागले.

एवढं करूनही झाडाच्या पानांची टोकं जळायची. तपकिरी, कुरकुरीत, विडीने डागल्यासारखी. काका रविवारी सकाळी काकूंच्या शिवणाची कात्री घेऊन बसायचे आणि जळकी टोकं पानाच्या आकारात गोल कापून काढायचे. मंजूला दाखवायच्या आधी, लहान पोराची नखं कापावीत तसे. कारण काय ते त्यांना कळेना. मग त्यांची शेंदूरजनाघाटची बहीण आली. तिच्या घरी संत्र्याचा बगीचा. आक्काने पान हातात घेतलं, कुंडीच्या कडेला चढलेली पांढरी खार नखाने खरवडली आणि विचारलं, "पानी कोनतं देतं याले?"

"बोअरचं."

"भाऊ, तुमच्या इथलं पानी ढोरं तोंड वाकडं करून पेते. आमच्या संत्र्यालेसुद्धा चालनार नाही, याले कसं चालीन?"

खरं होतं ते. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला, जमिनीखालचं पाणी खारं. त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, आणि तुरीची डाळ तर जन्मात शिजत नाही. सोडा टाका, कुकरच्या शिट्ट्या मोजत बसा, डाळ आपली ताटात खडखडते. नळाचं गोड पाणी येतं तेव्हा येतं, ते प्यायलाच पुरत नाही. मी म्हटलं, "काका, जारचं पाणी घ्या ना विकत." त्यांनी मान हलवली. "ते मशीनचं पानी. त्याच्यात जीव नाही." पालथ्या घड्यावर पाणी घालण्यात मी वेळ घालवत नाही.

तेव्हापासून काका पाणी आणायला शेंदूरजनाघाटला जायला लागले. एसटीने. वरूड, मोर्शी, अमरावती करत, दोन्ही हातांत दोन पांढरे कॅन. सगळे कंडक्टर ओळखीचे, त्यामुळे कुणी सामानाचं विचारायचं नाही, हसायचे मात्र सगळे. घरी आल्यावर ते पाणी मोरीशेजारच्या निळ्या ड्रममध्ये ओतलं जायचं. त्या ड्रमला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

एकदा माहेराहून परतताना अमरावतीच्या स्टँडवर मला काका भेटले. दोन कॅन दोन सीटवर आणि स्वतः उभे. कंडक्टर म्हणाला, "काका, कॅन खाली ठेवा ना." काका म्हणाले, "खालून इंजिनाची गरमी लागते." बडनेऱ्याला एक म्हातारी चढली, घामाने ओलीचिंब. पदराने वारा घेत ती कॅनकडे बघत राहिली आणि शेवटी म्हणाली, "बाबू, घोटभर पानी दे ना रे."

अख्खी गाडी काकांकडे बघायला लागली. काकांनी कॅनकडे पाहिलं, म्हातारीकडे पाहिलं. मग झाकण उघडून झाकणात पाणी दिलं. म्हातारी प्यायली आणि म्हणाली, "लय गोड पानी हाय बाप्पा तुमच्याकडचं." झालं. काकांचा चेहरा असा फुलला की जणू ते पाणी त्यांनीच शिजवलं होतं. दुसरं झाकण दिलं, तिसरं दिलं. मागच्या सीटवरच्या बायांनी बाटल्या पुढे केल्या. मूर्तिजापूर येईस्तोवर एक कॅन रिकामा. मला वाटलं आता काका दिवसभर धुमसणार. पण ते रिकामा कॅन पायाशी ठेवून त्या सीटवर ऐसपैस बसले आणि म्हणाले, "मानूस तहानलेला असला तं झाडाले थोडं थांबा लागते." जरा वेळाने म्हणाले, "पन हे तुमच्या मूर्तिजापूरले सांगू नका. हासतीन ते."

गोड पाण्याने झाड सुधारलं. नवी पानं धड टोकांची आली. काका एवढे खूश झाले की रविवारच्या संवादात एकदा चक्क "हवामान चांगलं आहे" असं वाक्य वाढलं. त्याच सुमारास त्यांच्या घरातला आणखी एक बदल माझ्या कानावर आला. भिंतीपलीकडून जेवताना आवाज यायचा, "मंजूची माय, वरन तं आजकाल लोन्यासारखं होऊन राहिलं. वाढ अजून."

आणि मग हळूहळू टोकं पुन्हा जळायला लागली. काकांनी चौकशी बसवली. पहिला संशय माझ्या कढईवर, दुसरा समोरच्यांच्या उदबत्तीवर, तिसरा उन्हावर. कुंडी रोज नव्या जागी जायला लागली. "आज पाहुनी दोन नंबरच्या फलाटावर आहे," असं मला कळवलं जायचं. पाणी वाढवलं, तर टोकं जास्तच जळाली. काकांची कात्री चालत राहिली, पानं लहान होत गेली.

मे महिन्यात आमच्या भागाचा ट्रान्सफॉर्मर उडाला आणि लाईट गेली ती दोन दिवस आलीच नाही. कूलर बंद. काका झाडाला पुठ्ठ्याने वारा घालत बसले होते, आळीपाळीने दोन्ही हातांनी. पण आधीच कुरतडलेलं झाड, ते काय टिकणार? पानं गुंडाळली गेली, मग काळवंडली, मग एकेक करून आडवी झाली. लाईट आली तेव्हा कुंडीत नुसत्या काड्या होत्या.

काका खाली बसले. कुंडीच्या कडेवर पुन्हा पांढरी खार चढलेली होती. ते उठले, निळ्या ड्रममध्ये बोट बुडवलं आणि चाटलं.

"मंजूची माय, या पाण्याबद्दल खुलासा करावा."

काकू पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. मी दारातच होते, आणि आता निघून जाणं बरं की थांबणं बरं हे मला ठरवता येईना. म्हणून थांबले.

"खुलासा काय करा लागते," काकू म्हणाल्या. "बोअरच्या पान्यात डाळ शिजत नाही. तं एक गंजभर पानी घेत होती मी याच्यातून. अन् तेवढंच बोअरचं टाकून देत होती वरून, तुमाले कमी दिसू नये म्हनून."

"कवापासून?"

"तुमी म्हनले ना, आक्काच्या घरची डाळ कशी मऊ शिजते अन् तुले काहून जमत नाही. तवापासून."

काकांनी तोंड उघडलं. काकूंनी त्यांना बोलू दिलं नाही. "डाळ कोन खाल्ली?"

"मी," काका म्हणाले.

"अजून वाढ, अजून वाढ कोन करत होतं?"

"मी."

ते जाऊन दिवाणावर बसले. मला हसू आवरत नव्हतं आणि हसायची सोय नव्हती, कारण काका रडायच्या बेतात होते. काकूंनाही ते दिसलं. त्या हात धुऊन आल्या आणि त्यांच्या शेजारी बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी काका माझ्या दारात. "अमरावती, तुमच्या गावात हे झाड भेटते का?"

"भेटतं. पण काका, मंजूशी खोटं बोलणार तुम्ही?"

"खोटं काय त्याच्यात? गाडी बिघडली तं आपन दुसरी गाडी देतो. प्रवासी पोचला पायजे."

या तर्कापुढे मी हात टेकले आणि त्यांच्याबरोबर निघाले. अमरावतीबाहेर एका माळ्याच्या कुटुंबाची नर्सरी आहे, मागे शेवंतीचं शेत आणि पुढे हिरव्या जाळीखाली शोभेची झाडं. काकांनी मोबाईलमधला जुना फोटो काढला आणि एकेका झाडाशी ताडून बघायला लागले. याचं पान रुंद आहे. याचा पट्टा वाकडा आहे. हे एका बाजूला झुकतं, आमचं झुकत नव्हतं. माळीणबाई आधी कौतुकाने बघत होत्या, मग कंटाळल्या. "आवो बाबा, झाडं का जुळी असते काय?" शेवटी एक सापडलं. काकांनी ते उजेडात धरलं, फिरवलं, पान उलटून खालचा जांभळा रंग बघितला आणि मान डोलावली.

परतीच्या गाडीत कुंडी त्यांच्या मांडीवर होती. बराच वेळ ते खिडकीबाहेर बघत होते. मग मी काही न विचारताच काका बोलायला लागले.

"मंजू लहान होती तवा मी घरी येवोस्तोवर झोपून जाये. अन् सकाळी ती उठाच्या आत मी ड्युटीवर. तिच्या मायसोबत बाजारात निघाली की स्टँडजवळून जा लागे. तं पोरगी स्पीकरकडं बोट दाखवून म्हने, पप्पा." त्यांनी कुंडीची माती बोटाने सारखी केली. "लोकाइले वाटे पोरीले याड लागलं."

 

रविवार आला. नवं झाड जुन्या कुंडीत, जुन्या जागी. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, दिसणार नव्हते तरी. फोन वाजला आणि काकांनी कॅमेरा झाडावर धरला. मी आणि काकू मागे उभ्या होतो. मंजू बघत राहिली. नेहमीचा प्रश्न आला नाही.

"पप्पा, हे आपलं नाही."

"काहून? तेच तं हाय."

"याची टोकं जळलेली नाही. आपल्याची जळलेली राहते. तुमी कात्रीनं कापता ते, पन मले दिसते."

काकांचा हात खाली आला. आता कॅमेऱ्यात बहुतेक फरशी होती.

"गेलं का ते?" मंजूने विचारलं.

"गेलं. पानी चुकलं माह्याच्यानं."

काकूंनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. डाळीचा उल्लेख काकांनी केला नाही, पुढेही कधी केला नाही.

"जाऊ द्या पप्पा. झाडच होतं."

"हो," काका म्हणाले. मग विचारलं, "तं मंग रविवारचं कसं?"

"कसं म्हंजे?"

"म्हंजे आता झाड नाही. तं तू फोन काहाले करशीन."

पलीकडे मंजू रडायला लागली. काका घाबरले, फोन दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. काही वेळाने तिला बोलता आलं. "पप्पा, आमच्या इथं अंगनात पसरलं हाय हे झाड. कोनी पानीसुद्धा देत नाही त्याले. मी काय झाड पाहाले फोन करत होती? तुमी दुसरं काही बोलतच नव्हते माह्याशी. झाडाचं तरी बोलत होते."



"फोन फिरवा," मंजू म्हणाली. "तुमाले पाहू द्या."

त्यांनी फोनच गोल फिरवला आणि स्क्रीन भिंतीकडे केली. मी पुढे होऊन बटण दाबून दिलं. कॅमेरा वळला. इस्त्रीचा शर्ट दिसला, मग चेहरा.

"केस सारे पांढरे झाले पप्पा तुमचे."

"कलप सोडला. खाजवे." ते स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवत होते. मग हात तिथेच थांबला आणि ते म्हणाले, "मंजू, मी लग्नाले यायले पायजे होतं. आलो नाही. चुकलं माहं."



"मंग आता या," मंजू म्हणाली. "आईले घेऊन या."

काकांनी मान वळवून काकूंकडे पाहिलं. इतक्या वर्षांत मी त्यांना काकूंचं मत विचारताना पाहिलं नव्हतं. "जावाचं का?" त्यांनी विचारलं.

 काकू दिवाणाशी गेल्या, फळी उचलली आणि आतून एक मोठी बॅग ओढून काढली. काका उठून मदतीला गेले आणि बॅग उचलताना थबकले. बॅग जड होती. त्यांनी चेन उघडली. वर डांबरगोळ्या, खाली कागदात गुंडाळलेलं नवं लुगडं, जावयासाठी शर्टपँटचं कापड, काकांचा पांढरा सदरा, घडी मोडलेली नव्हती.

"ही कवा भरली?" काकांनी विचारलं.

"लग्नाच्या वक्ती," काकू म्हणाल्या. "मंग रिकामी नाही केली."